लेकरू आजारी पडतं तेव्हा : थांबायचं कधी, धावायचं कधी



सेलूच्या या स्मृतिव्याख्यानासाठी लहान मुलांचा ताप, खोकला आणि हगवण हा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला. मोठमोठ्या विषयांवर बोलणारी माणसं या मंचावर येऊन गेली आहेत, पुढेही येतील. मी बालरोगतज्ज्ञ आहे. ज्या गोष्टी मी रोज दवाखान्याच्या टेबलाशी एकेका आईला घाईघाईत सांगते, त्या एकदा निवांत, सगळ्यांना एकत्र बसवून सांगायच्या होत्या. आज पुढच्या रांगांत आज्या बसल्या आहेत हे पाहून फार बरं वाटलं. कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात आणि लेकरू आजीच्या मांडीवर असतं. आजारी लेकराकडे पहिली नजर आजीचीच जाते.

साथी आणि दवाखाने आपल्या वर्धा जिल्ह्याला नवे नाहीत. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, त्याचंच पुढे सेवाग्राम झालं. त्याच वर्षी त्यांना मलेरियानं गाठलं आणि वर्ध्याच्या दवाखान्यात आणावं लागलं. पुढे सुशीला नायर ही नुकतीच शिकून आलेली तरुण डॉक्टर सेवाग्रामला आली, ती आली तेव्हाच कॉलऱ्याची साथ पसरली आणि जवळपास एकटीनं ती त्या साथीला भिडली. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच सुशीलाबेननी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. देशात खेड्यात उभ्या राहिलेल्या पहिल्या काही वैद्यकीय महाविद्यालयांपैकी ते एक. आज सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला दुसरं मोठं रुग्णालय आहे, नागपूरचा रस्ता तर सेलूच्या दारातूनच जातो. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या आईला जे मिळत नाही ते तुम्हाला तासाभरात मिळू शकतं.

तरीही लेकरं उशिरा पोचतात. रस्त्यात फार वेळ जात नाही, वेळ घरात जातो. "रात्र निघू दे, सकाळी पाहू", "ह्याचे बाबा आले की जाऊ", "परवा औषध आणलंच आहे की". आणि याच्या उलटही घडतं. साध्या सर्दीचं लेकरू तीन दिवसांत तीन दवाखाने फिरतं आणि तीन पिशव्या औषधं घेऊन घरी येतं. ज्याला थांबायला हवं होतं ते धावतं आणि ज्याला धावायला हवं होतं ते थांबतं. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. आजाराचं नाव शोधणं डॉक्टरचं काम आहे. लेकरू सावरतंय की बिघडत चाललंय हे ओळखणं घराचं काम आहे, आणि ते शिकता येतं. त्याला इंग्रजी लागत नाही, मशीन लागत नाही.

चार गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण मधेच कुणाला उठून जावं लागलं तरी त्या सोबत जायला हव्यात. लेकरू अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही. पोटात गेलेलं सगळंच्या सगळं उलटून पडतं. झटके आले. किंवा लेकरू गुंगीत आहे, हाक मारली, हलवलं तरी नीट जागं होत नाही. यातलं एकही दिसलं तर ताप किती, खोकला किती हे बघत बसायचं नाही. निघायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं हीच चार चिन्हं आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना शिकवली आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा नियम आणखी कडक आहे. त्याला ताप आला, अंग गार पडलं किंवा त्याचं पिणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. एवढं लहान बाळ आजाराची लक्षणं फार दाखवत नाही. रडणं कमी होतं आणि घरच्यांना वाटतं, बाळ आज शांत आहे.

आता खोकला. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे लहान मुलांसाठी नेहमीचं आहे. अंगणवाडीत जायला लागलं की तर होणारच. सर्दी आठ-दहा दिवस राहते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. शेंबूड पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. नाक चोंदलं तर साध्या मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. वर्षावरच्या लेकराला झोपताना चमचाभर मध चालतो, वर्षाच्या आतल्याला मध अजिबात नको. नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापूर लहान बाळाच्या नाकाशी, छातीला लावू नका; त्यानं झटके येऊ शकतात.

पण याच खोकल्याच्या मुलांमध्ये एखादं न्यूमोनियाचं असतं. आपल्याकडे म्हणतात, लेकराला डब्बा झाला. पोट भात्यासारखं वरखाली होतं, ते लोकांनी बरोबर पाहिलेलं आहे. चुकतं ते पुढे. मेळघाटात अजूनही तापवलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. इतरत्र बिब्ब्याचे डाग दिसतात. पोट हलतं म्हणून रोग पोटात आहे असं वाटतं. रोग फुप्फुसात असतो. फुप्फुसात हवा पुरेशी जात नाही म्हणून लेकरू जोर लावून, भराभर श्वास घेतं आणि पोट हलतं. भाजलेल्या जागेतून जंतू शिरतात आणि आधीच दमलेल्या लेकरावर दुसरा आजार येऊन पडतो.

हा भरभर चालणारा श्वास मोजता येतो. तो कसा मोजायचा ते नीट ऐका. लेकरू शांत असू द्या. रडताना, पिताना किंवा ताप फणफणलेला असताना मोजलेला आकडा खरा नसतो. झोपलेलं असेल तर उत्तम. अंगातला झबला वर सरकवा, छाती आणि पोट दोन्ही उघडं दिसलं पाहिजे. उजेडाकडे तोंड करून बसा. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही, मधेच थबकतो, मधेच धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा, आणि पुन्हा तेवढेच आले तर निघा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. मोजताना आणखी एक बघा. श्वास आत घेताना लेकराची छाती फुगायला हवी. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजणी अर्धी सोडून गाडी बोलवा.

एवढ्या साध्या मोजणीनं काय होतं याचा पुरावा आपल्याच विदर्भातून जगाला मिळाला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांना आपण गडचिरोलीचे म्हणून ओळखतो. पण अभय बंग यांचं बालपण सेवाग्रामला, नई तालीमच्या शाळेत गेलं, आणि गडचिरोलीला जाण्याआधी याच जिल्ह्यातल्या कान्हापूरला त्यांनी काम केलं. १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियानं मुलं मरत होती आणि डॉक्टर कोसभर दूर होते. बंग दांपत्यानं गावातल्याच माणसांना, दायांना, आरोग्यसेवकांना श्वास मोजायला शिकवलं आणि साधं अँटिबायोटिक त्यांच्या हाती दिलं. ज्यांना आकडे मोजणं जड जायचं त्यांच्यासाठी एक यंत्र केलं: मिनिटभराची वाळूची घडी आणि तिच्याशेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्यावर आले होते. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला जे जमलं, ते या सभागृहातल्या कुणालाही जमेल. २०१९ पासून केंद्र सरकारची 'सांस' मोहीम आहे, तिच्यात आशाताईंना हीच मोजणी शिकवली जाते. तुमच्या आशाताईला विचारा, ती समोर बसून दाखवेल.

खोकल्याचं आणखी एक प्रकरण आपल्या अगदी शेजारचं आहे आणि ते सांगताना मला अजून त्रास होतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याजवळच्या परासिया भागात लहान मुलांना खोकल्याचं औषध दिलं गेलं, काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली बरीच मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. वीसहून जास्त लेकरं गेली. औषधाचं नाव 'कोल्ड्रिफ', तामिळनाडूतल्या कारखान्यात बनलेलं. तिथल्या सरकारी तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन आहे. महाराष्ट्राला हा घाव नवा नव्हता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनानं दूषित झालेल्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं औषध खात्याचे वाभाडे काढले होते. चाळीस वर्षं होत आली आणि तेच विष पुन्हा बाटलीतून लेकरांच्या पोटात गेलं. दोषींना शिक्षा व्हायलाच हवी. पण मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे की, त्या मुलांपैकी बहुतेकांना त्या औषधाची गरजच नव्हती. सर्दी-खोकल्याची पातळ औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत, असं त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं. ही औषधं शुद्ध असली तरी लहान मुलांचा खोकला त्यांनी लवकर बरा होत नाही. गुंगी मात्र येते. लेकरू झोपलं म्हणजे बरं झालं असं वाटतं.

तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टर म्हणाले, "औषधाची गरज नाही, पाजत राहा, श्वासावर लक्ष ठेवा," तर तो डॉक्टर तुमचा हितचिंतक आहे. त्याची फी वाया गेली असं समजू नका. आणि इथे बसलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना, औषध दुकानदारांना हात जोडून सांगते: आई मागते म्हणून बाटली देऊ नका. तिला हवा असतो धीर. तो दोन मिनिटं बोलून देता येतो.

तापाकडे येते. ताप हा शरीराचा जंतूंशी चाललेला झगडा आहे. काट्यावरचा आकडा उतरवणं हा उपचार नाही. लेकरू तापात असूनही मधून मधून खेळतं, पितं, लघवी करतं, ताप उतरला की हसतं, तर एक-दोन दिवस बघायला हरकत नाही. ताप कमी असूनही लेकरू मलूल असेल, तर ते मला जास्त काळजीचं वाटतं. अंगावर गोधड्या घालू नका, बर्फाचं पाणी लावू नका, कोमट पाण्यानं पुसा. औषध म्हणून पॅरासिटामॉल पुरेसं आहे, तेही लेकराच्या वजनाप्रमाणे: एका वेळी दर किलोला सुमारे १५ मिलिग्राम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. यात एक फसवी गोष्ट आहे आणि तिथं चांगली शिकलेली घरंही चुकतात. दहा किलोच्या लेकराला १५० मिलिग्राम लागतं. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्राम असलेल्या बाटलीतून ते ३ मिलिलिटर होतं. १२० च्या बाटलीतून साधारण ६ मिलिलिटर होतं. आणि थेंबांच्या बाटलीत, जिथे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्राम असतं, ते फक्त दीड मिलिलिटर होतं. मोठ्या भावाच्या बाटलीतलं, नाहीतर थेंबांच्या बाटलीतलं औषध चमचाभर पाजलं, तर डोस कुठल्या कुठे जातो. घरातले चमचे लहानमोठे असतात, म्हणून बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. मुलांना ॲस्पिरीन नको. निमेसुलाइड बारा वर्षांखाली द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, पण जुन्या चिठ्ठीवर किंवा काउंटरवर ते अजून मागितलं जातं.

तापात झटका आला तर घर हादरतं. अशा वेळी लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, आणि झटका किती वेळ चालला ते घड्याळात बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापातला साधा झटका बहुतेकदा काही मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. तरीही आपल्या भागात मी कुणालाही "तापाचाच झटका असेल" असं घरी बसून ठरवू देणार नाही. त्याचं कारण नागपूर जिल्ह्यातल्याच एका गावाच्या नावात आहे. १९६५ मध्ये चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला, त्याला चांदीपुरा विषाणू म्हणतात. तो वालुमाशीतून पसरतो. ही माशी डासाहूनही लहान, मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २००७ मध्ये आपल्या नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याच्या साथी आल्या. बळी गेले ते मुख्यतः १५ वर्षांखालच्या मुलांचे. सकाळी खेळणारं मूल, दुपारी ताप आणि उलट्या, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी बेशुद्ध. या विषाणूवर खास औषध नाही, पण श्वास आणि रक्तदाब सांभाळणारा दवाखाना वेळेत मिळाला तर मूल वाचू शकतं. भिंतींच्या भेगा लिंपून घेणं, गोठा कोरडा ठेवणं आणि मुलांना मच्छरदाणीत झोपवणं इतकं तरी आपल्या हातात आहे.

पावसाळा सरता सरता डेंग्यू येतो. आपल्या विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि उन्हाळा संपल्यावर कूलरच्या टाकीतलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. आठवड्यातून एकदा टाकी, रांजण, फ्रिजमागची ताटली रिकामी करून, घासून कोरडी करा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात साखळी तुटते. डेंग्यूत लोकांचा सगळा जीव प्लेटलेटच्या आकड्यात अडकलेला असतो. पपईच्या पानांचा रस, किवी, यासाठी धावाधाव चालते. माझं म्हणणं असं की, आकड्याआधी लेकराकडे बघा. डेंग्यूचा धोका बहुधा ताप उतरायच्या सुमाराला, तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतो. घरचे म्हणतात ताप गेला, आणि त्याच वेळी पोट जोरात दुखू लागतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात, लेकरू चुळबुळतं नाहीतर सुस्त होतं, सहा-सहा तास लघवी होत नाही, नाका-हिरड्यांतून रक्त दिसतं. तेव्हा दवाखान्यात असायला हवं.

बोर धरणाच्या बाजूची, शेताला लागून घर असलेली मंडळी असतील, त्यांना आणखी एक सांगायचं आहे. पाच दिवसांहून जास्त ताप राहिला तर लेकराचे सगळे कपडे काढून अंग तपासा. काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसते का बघा. ती दुखत नाही म्हणून मूल सांगत नाही. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा हा स्क्रब टायफस आहे. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ गाजली होती. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मेंदू दोन्ही धरतो. मला दाखवायला आणलं नाही तरी चालेल, पण ती खपली दिसली तर डॉक्टरला आपणहून दाखवा, कारण गर्दीच्या वेळी डॉक्टर कपडे काढून बघेलच याची खात्री नाही. आणि दुसऱ्याच दिवशी विडाल तपासून "टायफॉइड निघाला" म्हणून सलाईन लावणाऱ्यांपासून जपा. पहिल्या आठवड्यात त्या तपासणीवर विसंबता येत नाही.

आता हगवण. हगवणीत मुलं मरतात ती अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महलानबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांतून लोकांना दिलं. तिथले मृत्यू तिसाच्या आसपासच्या टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महलानबीस २०२२ मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी देशानं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. ओआरएसचं तेच पाकीट आज आपल्या अंगणवाडीत फुकट मिळतं आणि आपण सलाईनसाठी रांग लावतो. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. "थोडंसं पेल्यात, बाकीचं उद्या" असं केलं तर मिठाचं प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चमच्यानं, घोटाघोटानं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध, पेज, वरण-भात, ताक बंद करू नका. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, हगवण थांबली तरी. हगवणीत रक्त नसेल तर अँटिबायोटिक सहसा लागत नाही. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश सपाट होते, तर घरी थांबायचं नाही. ओआरएस असं लिहिलेली गोड पेयं दुकानात वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध चिवटपणे लढा दिला आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली. जास्त साखरेच्या पाण्यानं हगवण वाढते. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का तेवढं बघा.

पुरळांबद्दल थोडक्यात. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, मग कानामागून पुरळ. आई आली, देवी आली म्हणून औषधपाणी थांबवणं आता बंद व्हायला हवं. गोवराच्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस मिळालेच पाहिजेत, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवरानं मुलं गेली, त्यातल्या बहुतेकांचं लसीकरण अपुरं होतं. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर एकदा आणि सोळाव्या महिन्यानंतर पुन्हा. दुसरा डोस राहून जातो, कारण तोवर आई पुन्हा मजुरीला जाऊ लागलेली असते. न्यूमोनियाची मोठी कारणं रोखणाऱ्या लसी आणि हगवणीवरची रोटाव्हायरसची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. मी शिकत होते तेव्हा हे स्वप्न होतं.

शेवटी बंधूंशी बोलते, खासकरून मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बापांशी. लेकराला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे आपल्याकडे अजून सासू, नवरा, दीर ठरवतात. आईला सगळ्यात आधी कळतं आणि तिचाच शब्द सगळ्यात शेवटी ऐकला जातो. पैसे तुमच्याकडे, गाडीची किल्ली तुमच्याकडे, मोबाइल तुमच्या खिशात. घरात शंभर-दोनशे रुपये आणि लेकराचं लसीचं कार्ड अशा जागी ठेवा जिथून तिला विचारल्याशिवाय घेता येईल. १०८ ची रुग्णवाहिका दिवसरात्र फुकट येते, हा नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या. आणि रात्री दोन वाजता ती म्हणाली की लेकरू बरं दिसत नाही, तर तिला कारण विचारत बसू नका. उठा आणि निघा.